मेसोअमेरिकेची शिल्पं वाचायला शिकणाऱ्यांसाठी

मेसोअमेरिकेच्या, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशाच्या, शिल्पांच्या अभ्यासाला सुरुवात करताय, तर देवांच्या नावांची यादी पाठ करत बसू नका. एकच शिल्प घ्या आणि त्याच्याशी चिकटून राहा. मी सगळ्यांना कोआतलिक्वे सुचवतो. मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयातली ही अझ्टेक देवी 1790 मध्ये शहराच्या मुख्य चौकात खोदकाम करताना सापडली. उंची अडीच मीटरच्या वर. गळ्यात तळहात आणि हृदयांची माळ, माळेला कवटी, खाली एकमेकांत गुंफलेल्या सापांचा घागरा.

आपल्याकडचा विद्यार्थी हे बघून लगेच म्हणतो, ‘ही तर काली!’ हा मोह आवरा. साम्य दिसतं हे खरं, पण एकदा नाव सापडलं की बघणं थांबतं.

आता वर बघा. तिथे माणसाचा चेहरा नाहीच. दोन साप समोरासमोर आलेत आणि त्यांची तोंडं जुळून एक तोंड तयार झालंय. हातांच्या जागीही सापच. म्हणजे जिथे अवयव तुटलाय, तिथून साप निघालाय; बहुतेक अभ्यासक या सापांना रक्ताच्या धारा मानतात. चिचेन इत्झाच्या चेंडूच्या मैदानातल्या शिल्पपटावरही शिर उडालेल्या खेळाडूच्या मानेतून साप बाहेर पडतात. पण ते शहर माया लोकांचं आणि काही शतकं आधीचं. त्यामुळे याला आधार म्हणा, पुरावा म्हणू नका.

नवखे नेमके इथेच घसरतात. अझ्टेकांच्या धर्माबद्दल 16व्या शतकात साहागुन या स्पॅनिश मिशनऱ्याने नहुआ (म्हणजे अझ्टेकांची भाषा बोलणाऱ्या स्थानिक) सहकाऱ्यांकडून लिहून घेतलेला बारा भागांचा ‘फ्लोरेंटाइन कोडेक्स’ हा हस्तलिखित ग्रंथ आपल्या हाताशी आहे, इंटरनेटवर फुकट. तो जरूर वाचा. पण त्यातले अर्थ उचलून मेक्सिकोतल्याच तेओतिवाकान या प्राचीन शहराच्या भित्तिचित्रांवर डकवू नका. ते शहर अझ्टेकांच्या कितीतरी शतकं आधी ओस पडलं होतं. तिथल्याच तेपान्तितला या वास्तूतल्या चित्राला मेक्सिकन पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी पावसाच्या देवाचा स्वर्ग ठरवलं, ते याच वाटेने. पुढे त्यावर बऱ्याच जणांनी शंका घेतल्या. आकार तोच राहूनही अर्थ बदलू शकतो, हा कला-इतिहासकार जॉर्ज कुब्लर यांचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

अशा अनिश्चिततेचा कंटाळा येत असेल, तर मायांकडे वळा. ब्रिटिश म्युझियममधल्या याश्चिलान या माया शहरातल्या 24 क्रमांकाच्या दगडी पट्टीवर (दारावरच्या आडव्या शिळेवर) राणी जिभेतून काटेरी दोरी ओढतेय, आणि शेजारच्या लेखात तिचं नाव आणि तारीखही कोरलीय.

आणि स्पॅनिश आत्तापासूनच शिकायला घ्या. मेक्सिकोतल्या उत्खननांचे बरेचसे अहवाल त्याच भाषेत आहेत.