हिमस्खलनाचा अभ्यास करायचाय? आधी उतार मोजायला शिका

या क्षेत्रात येऊ पाहणारे पहिल्यांदा पदवीचं विचारतात. भौतिकशास्त्र, भूगोल, हवामानशास्त्र, स्थापत्य, यातलं काहीही चालतं. मी भौतिकशास्त्रातून आले. उष्णतावहनाचं प्रकरण मला रोज उपयोगी पडतं, बाकीचं बरंचसं कपाटात आहे. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग मात्र हवंच. ते नसेल तर हिवाळाभर गोळा केलेल्या नोंदींचं उन्हाळ्यात काय करायचं, हे कळत नाही.

नवख्यांना सगळ्यात जास्त आकर्षण असतं ते बर्फात खड्डा खणून थर वाचण्याचं. त्याची मजा आहेच, पण सुरुवात तिथून करू नका. आधी क्लिनोमीटर घ्या आणि उताराचा कोन मोजा. माणसांचे जीव घेणारी बहुतेक हिमस्खलनं स्लॅब प्रकारची असतात. घट्ट झालेला वरचा थर खालच्या कमजोर थरावरून एकसंध सुटतो आणि तडा काही क्षणांत उतारभर पळतो. हे बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारावर घडतं. त्याहून खूप उभ्या कड्यावर बर्फ साठायच्या आधीच थोडाथोडा ओघळत राहतो. 30 च्या खाली स्लॅब क्वचितच सुटतो. पण 20 अंशांवर उभं राहून वरचा 38 अंशांचा उतार खाली ओढता येतो, हे विसरू नका. कमजोर थर पायाखाली खचला की तडा वरच्या दिशेनेही जातो. त्या वेळी ‘हुम्फ’ असा दबका आवाज येतो. तो ऐकू आला की चर्चा थांबवायची आणि आल्या वाटेने मागे फिरायचं.

कमजोर थर तयार कसा होतो, हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग. बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाला असते. वर हवा उणे 15 आणि बर्फ फक्त अर्धा मीटर असेल, तर मीटरमागे 30 अंशांचा फरक पडतो. हा फरक मीटरमागे 10 अंशांच्या वर गेला की पाण्याची वाफ खालच्या उबदार कणांतून निघून वरच्या थंड कणांवर गोठू लागते. कणांना कडा फुटतात, त्यांची एकमेकांवरची पकड जाते आणि तळाशी जाड साखरेसारखा सुटा थर उरतो. म्हणूनच थंड प्रदेशातला उथळ बर्फ अनेकदा खोल बर्फापेक्षा दगाबाज असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. दुसरा गुन्हेगार म्हणजे निरभ्र, शांत रात्री पृष्ठभागावर उगवणारे हिमतुषाराचे पिसासारखे स्फटिक. दिसायला सुंदर, पण त्यांवर नवा बर्फ पडला की आठवडेच्या आठवडे ते खाली दबा धरून बसतात.

वाऱ्याबद्दल एवढंच, की आकाशातून एक कणही न पडता तो आडोशाच्या बाजूला भराभर बर्फ रचतो.

आता खड्डा. दाब-चाचणीत 30 बाय 30 सेंटिमीटरचा स्तंभ कापून त्यावर फावडं ठेवतात. मग मनगटातून दहा, कोपरातून दहा आणि खांद्यातून दहा थापा मारतात आणि कमजोर थर कितव्या थापेला तुटतो ते पाहतात. मला 90 सेंटिमीटर रुंदीची विस्तारित चाचणी अधिक कामाची वाटते, कारण तडा नुसता पडतो की पलीकडे पसरतो हे तिच्यात दिसतं. निकाल वाचताना मात्र दोन्ही बाजूंना सारखं वजन देऊ नका. तडा पसरला, तर तो उतार नाकारायला तेवढं पुरे. पसरला नाही, तर फक्त त्या एका जागी पसरला नाही. चार पावलांवर थराची जाडी वेगळी असू शकते.

धोक्याची युरोपीय श्रेणी 1 ते 5 अशी आहे. 3 म्हणजे मधली, म्हणजे ठीकठाक, असं वाचू नका. पायरीगणिक धोका समान नाही, पटीत वाढतो. बरेचसे मृत्यू 3 असतानाच होतात, कारण 5 असताना कुणी बाहेर पडत नाही.

वस्त्या आणि रस्त्यांचं काम वेगळं. तिथे धोक्याचे नकाशे बनवतात. स्वित्झर्लंडमध्ये सरासरी 300 वर्षांतून एकदा येणाऱ्या हिमस्खलनाचा दाब 30 किलोपास्कलच्या वर असेल, तर ती जागा लाल पट्ट्यात जाते, म्हणजे तिथे नवं घर बांधता येत नाही. पण नोंदी तितक्या जुन्या नसतात. ऑस्ट्रियातल्या गाल्टूरमध्ये 23 फेब्रुवारी 1999 रोजी सुरक्षित मानलेल्या भागात बर्फ घुसला आणि 31 जण गेले. नकाशाच्या रेषेपलीकडे धोका शून्य होत नाही, हे तिथून शिकावं.

नोकऱ्या कुठे मिळतात? स्वित्झर्लंडमधल्या डाव्होसची एसएलएफ, चंदीगडची डीजीआरई (संरक्षण खात्याची) यांसारख्या हिमस्खलन-संशोधन संस्था, महामार्ग, रेल्वे, खाणी, स्की-केंद्रं. पूर्वानुमानाचं काम बहुधा हंगामी असतं आणि पहाटेच्या आधी सुरू होतं. अडचण अशी, की अंदाज चुकला तरी बहुतेक दिवशी काहीच होत नाही. त्यामुळे अनुभव आपोआप शहाणपण देत नाही. सकाळी निघण्यापूर्वी कुठल्या दिशेचा, किती उंचीवरचा उतार सुटेल असं वाटतं, ते कारणासकट वहीत लिहा आणि संध्याकाळी पडताळा.

बीकन (अंगावर बांधायचं, संदेश देणारं-पकडणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं हे तिन्ही स्वतःचं घ्या, आणि शोधाइतकाच खणण्याचाही सराव करा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, त्यानंतर आकडा झपाट्याने कोसळतो. बीकन माणूस कुठे आहे ते सांगतो, पण खरा वेळ जातो तो दगडासारखा घट्ट झालेला बर्फ उपसण्यात. म्हणून प्लॅस्टिकचं फावडं घेऊ नका.