पाण्यातले तेलाचे थेंब आणि वायूचे शोषण: मॉडेल करताना या चुका टाळा

पाण्यात डोडेकेनसारख्या तेलाचे बारीक थेंब विखुरले की ऑक्सिजन जास्त वेगाने शोषला जाऊ शकतो. तेलात तो पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. पृष्ठभागाजवळ आलेला थेंब वायू भरून घेतो, ढवळण्याबरोबर आत जातो आणि तिथे तो सोडतो. कल्पना सोपी वाटते. पण नांदेड, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजात हा विषय प्रोजेक्टला घेणार असाल, तर पुढच्या जागा आधीच पाहून ठेवा.

सगळ्यात जास्त गोंधळ प्रोबच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यात होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. समजा तेल १० टक्के आहे आणि त्यात ऑक्सिजन पाण्याच्या ७ पट विरघळतो. एकजिनसी मॉडेलचे, म्हणजे तेल-पाणी मिळून एकच सारखा द्रव धरणाऱ्या मॉडेलचे, सूत्र असे: ७ मधून १ वजा करा, ०.१ ने गुणा, १ मिळवा, वर्गमूळ घ्या. उत्तर १.२६, म्हणजे शोषण २६ टक्के जलद. आता नायट्रोजनने ऑक्सिजन हाकलून, हवा सुरू करून, प्रोबचा चढता आलेख घ्या. तो तेल नसतानाच्या आलेखापेक्षा हळू चढतो! बरेच जण इथेच लिहून मोकळे होतात की तेलाने अडथळा आणला.

खरे कारण साठवणुकीचे आहे. प्रोब पाण्यातली पातळी दाखवतो, पण आलेल्या ऑक्सिजनने थेंबही भरायचे असतात. पाण्याचा वाटा ०.९, तेलाचा ०.१ गुणिले ७ म्हणजे ०.७. एकूण क्षमता १.६ पट. केएल म्हणजे पृष्ठभागातून वायू पाण्यात शिरण्याचा वेग, आणि केएलए म्हणजे तो वेग गुणिले दर घनफळामागचे संपर्काचे क्षेत्रफळ. त्यामुळे आलेखावरून काढलेला केएलए १.२६ भागिले १.६, म्हणजे ०.७९ पट दिसतो. आधी १.६ ने गुणा, मग निष्कर्ष काढा. प्रोबच्या टोकाच्या पातळ पडद्यावर तेल बसले की तो मंदावतो, तेही तपासा.

केएलए वाढला म्हणजे केएल वाढला असेही धरू नका. फर्मेंटरमध्ये (सूक्ष्मजीव वाढवण्याच्या टाकीत) सिलिकॉन तेलाचा अँटिफोम (फेस मारणारे द्रव्य) टाकला की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि संपर्काचे क्षेत्रफळ घटते. थेंबांचा परिणाम एकटा पाहायचा असेल तर बुडबुडे नकोतच. सपाट पृष्ठभागाच्या, संथ ढवळणाऱ्या भांड्यात प्रयोग करा.

आता ते १.२६ चे सूत्र. ते थेंब फार लहान असतील तेव्हाच चालते. २५ अंशांना पाण्यात ऑक्सिजनचा विसरण गुणांक (रेणू आपोआप किती वेगाने पसरतात त्याचे माप) सेकंदाला सुमारे ०.००२ चौरस मिलिमीटर. केएल सेकंदाला ०.१ मिलिमीटर असेल, तर ज्या थरात सगळा खेळ चालतो तो जेमतेम २० मायक्रॉनचा. थेंब ५० मायक्रॉनचा असेल तर तो त्या थरात मावतच नाही, आणि सूत्र फायदा फुगवून सांगते. मॉडेलला हात लावण्याआधी मायक्रोस्कोपखाली थेंब मोजा; माझ्या मते या विषयातले सर्वात महत्त्वाचे मोजमाप हेच.

स्थिर फिल्म मॉडेलही, म्हणजे पृष्ठभागाखाली पाण्याचा एक न हलणारा थर धरणारे मॉडेलही, इथे फसवते. जागचे न हलणारे थेंब धरून स्थिर अवस्था घेतली की थेंबात जेवढे येते तेवढेच बाहेर पडते, साठवण समीकरणातून गळून जाते, आणि वाहून नेण्याची मूळ गोष्टच उरत नाही. हिग्बीचा १९३५ चा किंवा डँकवर्ट्सचा १९५१ चा काळावर अवलंबून असलेला सिद्धांत घ्या; त्यात पृष्ठभागावरचे पाणी थोडा वेळ वायू शोषून आत जाते आणि त्याची जागा ताजे पाणी घेते.

विभाजन गुणोत्तर (वरचा ७ चा आकडा) तेल भागिले पाणी आहे की उलट, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कोडमध्ये थेंबाच्या कडेला ऑक्सिजनची तीव्रता (दर घनफळातले प्रमाण) एकदम ७ पट उडी घेते. तेलातली तीव्रता ७ ने भागून नवे चल घेतले की उडी जाते. पण मग तेलातल्या साठवण आणि विसरण या दोन्ही पदांत ७ आलाच पाहिजे. एका जागी विसरलात तर वायू शून्यातून निर्माण होतो किंवा गायब होतो. एकमितीय मॉडेलमध्ये पहिला थेंब पृष्ठभागापासून किती अंतरावर ठेवला यावर उत्तर खूप बदलते. एकच अंतर निवडू नका, अनेक जागा घेऊन सरासरी काढा.

मराठवाड्यातला उन्हाळा तर विसरूच नका. पाणी २५ वरून ४० अंशांवर गेले की विसरण गुणांक सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, आणि केएल त्याच्या वर्गमूळाने, म्हणजे जवळपास २० टक्के. बिनतेलाचा प्रयोग सकाळी आणि तेलाचा दुपारी केलात, तर थेंबांचा म्हणून सांगितलेला बराचसा फायदा उन्हाचा असेल. दोन्ही वेळी वॉटर बाथ वापरा. संपृक्तीचा, म्हणजे पाण्यात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन विरघळतो त्याचा, आकडाही पुस्तकातून थेट उचलू नका: हवेखाली तो २५ अंशांना लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ४० ला ६.४. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्याने तिथे तो आणखी सुमारे ६ टक्के कमी धरा.

शेवटी कोडला तीन प्रश्न विचारा. तेल शून्य केले तर हिग्बीचा केएल येतो का? थेंब अगदी बारीक केले तर १.२६ च्या जवळ जातो का? आणि तेलाची विद्राव्यता व विसरण गुणांक पाण्याइतकेच ठेवले तर उत्तर नेमके १ येते का? तिसऱ्यात १.०३ आले तरी पुढे जाऊ नका, थेंबाच्या कडेची समीकरणे पुन्हा तपासा.