अळूच्या पानावरचं पेरोव्हस्काइट

पेरोव्हस्काइट सोलर सेलवर काम करायला येणाऱ्याची नजर पेरोव्हस्काइटच्या, म्हणजे उजेड शोषणाऱ्या स्फटिकी पदार्थाच्या, काळ्याशार थरावरच खिळते. माझंही तसंच झालं. जपानमध्ये मियासाकांच्या गटानं २००९ मध्ये ३.८ टक्के कार्यक्षमता दाखवली आणि आज प्रयोगशाळेतले छोटे सेल २६ टक्क्यांपुढे गेलेत, हे वाचूनच मी या विषयात आले. काळ्या थरात तयार होणारे होल, म्हणजे धनभार, बाहेर नेणाऱ्या पॉलिमरकडे मी नीट पाहिलंच नव्हतं.

मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलनं घणसोलीला लॅबमध्ये येते. हाती पहिला आला तो पीटीएए, असाच एक होल वाहून नेणारा पॉलिमर. टोल्युइनमध्ये मिलीलीटरला २ मिलिग्रॅम, स्पिन कोटिंग, म्हणजे काच गरगर फिरवून द्रावण पसरवणं, मग १०० अंशांवर १० मिनिटं. थर जेमतेम १० नॅनोमीटरचा. काचेवर काही आहे की नाही, डोळ्यांना कळत नाही. त्यावर पेरोव्हस्काइटचं द्रावण सोडलं, तर अळूच्या पानावरून पाणी ओघळावं तसं ते कडेला पळालं. मधे टिकलीएवढ्या मोकळ्या जागा राहिल्या. तिथून वरचा इलेक्ट्रोड खालपर्यंत पोचतो आणि सेल शॉर्ट होतो.

दोन महिने मी पेरोव्हस्काइटचीच रेसिपी बदलत बसले. मग लॅबमधल्या ताई म्हणाल्या, "अगं, आधी पीटीएएवर नुसतं डीएमएफ फिरवून बघ." डीएमएफ म्हणजे पेरोव्हस्काइट ज्यात विरघळवतो तो द्रव. पुढच्याच काचेवर थर सलग आला, आरशासारखा! त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हे काम आपल्याला जमेल.

म्हणून नवख्यांना सांगेन, सुरुवात पेडॉट-पीएसएस या दुसऱ्या पॉलिमरनं करा. तो आम्लधर्मी असतो, खालचा आयटीओ, म्हणजे काचेवरचा वीज वाहून नेणारा पारदर्शक थर, हळूहळू कुरतडतो, म्हणून टिकाऊ सेलसाठी मला तो पटत नाही. पण त्यावर द्रावण छान पसरतं आणि हात बसतो. डीएमएफ कातडीतून अंगात जातं, पेरोव्हस्काइटमधलं शिसंही विषारी. हातमोज्यांचा कंटाळा करू नका.

पॉलिमर पेरोव्हस्काइटच्या वर द्यायचा असेल तर थर जाड लागतो आणि सहसा लिथियमचं मीठ घालून डोपिंग करावं लागतं, म्हणजे धनभार नीट वाहावा म्हणून त्यात थोडा दुसरा पदार्थ मिसळावा लागतो. ते मीठ ओल ओढून घेतं. जुलैतल्या एका दुपारी मी ते बाहेरच्या काट्यावर ठेवलं. आकडा थांबेना, डोळ्यांदेखत वाढत राहिला. आता वजन ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे कोरड्या वायूच्या बंद पेटीतच करते. वहीत प्रत्येक काचेपुढे त्या दिवशीची आर्द्रता आणि पीटीएएचा बॅच नंबर लिहिते, कारण बॅच बदलली की रेणुभार बदलतो आणि कालची रेसिपी आज चालेलच असं नाही.