आजी-आजोबांचे नाव नातवंडाला ठेवताना

घरात बाळाची चाहूल लागली की नावांच्या याद्या सुरू होतात आणि त्या गडबडीत कोणीतरी हळूच विचारते, "आजोबांचे नाव ठेवायचे का?" हा विचार ज्यांच्या मनात घोळतो आहे अशा आईवडिलांसाठी हे लेखन आहे. माझे मत आरंभीच सांगतो. वडीलधाऱ्यांचे नाव जरूर ठेवावे, पण ते रोज हाकेत येईल अशा बेताने ठेवावे. दाखल्यावर एक आणि घरात दुसरेच अशी वाटणी झाली की ज्या माणसासाठी हा खटाटोप केला, त्याचे नाव वर्षानुवर्षे कोणाच्याही तोंडी येत नाही.

ज्यांचे नाव ठेवायचे ते हयात असतील तर पहिल्यांदा त्यांनाच विचारावे. काही घरांत हयात माणसाचे नाव बाळाला देत नाहीत, तर काही घरांत आजोबांच्या मांडीवर त्यांच्याच नावाचा नातू खेळत असतो. आपल्या घराण्याची रीत कोणती, हे घरातली थोरली आत्या किंवा काकू बिनचूक सांगू शकते. आजीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा, तो म्हणजे कोणते नाव? अनेक मराठी घरांत लग्नात सुनेचे नाव बदलत असत. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यावर अंगठीने नवे नाव लिहीत असे आणि माहेरचे नाव त्या दिवसापासून मागे पडत असे. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही सगळे 'सुशीला' हे माझ्या आईचे नाव धरून बसलो होतो. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या खोलीत, बारशाच्या चार दिवस आधी, मी तिला ते सांगितले, तेव्हा मेथी निवडता निवडता ती थांबली आणि म्हणाली, "ते सासरचं नाव. मी यमुना." तिचा भाऊ वारल्यापासून त्या नावाने तिला कोणीही हाक मारलेली नव्हती, आणि मला तर ते नाव केवळ ऐकून माहीत होते. विचारले नसते, तर तिच्या नातीला तिचे म्हणून भलतेच नाव मिळाले असते.

त्या उत्तराने दुसरी एक अडचणही आपोआप सुटली. सासूसासऱ्यांचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, हे वळण आजच्या सुनांनी सोडले असले तरी त्यांचे नाव घेऊन मुलावर रागावणे अनेकींना आजही जड जाते. जुन्या घरांत आजोबांचे नाव मिळालेला मुलगा आप्पा, भाऊ, तात्या किंवा बाबू या नावाने वाढे, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असे. आणि मग तो पन्नाशीला आला तरी बाबूच राही. माझ्या पत्नीला 'सुशीला, पसारा आवर' म्हणणे कधीच जमले नसते, पण माहेरचे 'यमुना' तिला मोकळेपणाने घेता आले. म्हणून नाव पक्के करण्यापूर्वी आठवडाभर घरात ते नाव मोठ्याने वापरून पाहावे. 'दत्तात्रय, बूट घाल', 'दत्तात्रय, गाडी चुकेल' अशी रोजची वाक्ये बोलावीत, इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून खाली खेळणाऱ्या मुलाला हाक मारावी लागेल असे समजून ते नाव उच्चारून पाहावे. जीभ अडखळत असेल किंवा मन कचरत असेल, तर नावाचे दुसरे रूप शोधावे.

हे दुसरे रूप शोधताना केवळ आद्याक्षर राखण्याची पळवाट मला पटत नाही. आजोबा सदाशिव आणि नातू समर, यात आजोबांचे काय उरले? आपल्या जुन्या नावांना पर्यायांची मोठी श्रीमंती आहे, तिचा उपयोग करावा. भागीरथी आणि जान्हवी ही दोन्ही गंगेचीच नावे आहेत, त्यामुळे भागीरथीबाईंची नात जान्हवी झाली तर नाव अर्थाने तेच राहते. गोदावरीला गौतमी म्हणतात, यमुनेला कालिंदी म्हणतात. पार्वतीसाठी उमा, गिरिजा, गौरी, अपर्णा अशी कितीतरी नावे आहेत. लक्ष्मणाला सौमित्र, रामचंद्राला राघव आणि दत्तात्रयाला आत्रेय म्हणता येते. मूळ नाव शब्दशः राखायचेच असेल, तर ते पाळण्यातले नाव म्हणून घ्यावे आणि व्यवहारात त्याचे समानार्थी नाव वापरावे. मात्र असे केल्यास त्या दोन नावांचे नाते मुलाला लहानपणीच सांगावे.

आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा नातू, म्हणजे पहिल्या बाजीरावांचा मुलगा, बाळाजी बाजीराव झाला आणि घरात तो नानासाहेब म्हणून ओळखला गेला. नाव आजोबांकडूनच आले पाहिजे असेही नाही. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरी येथे मारले गेले, आणि १६५७ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या महाराजांच्या पुत्राचे नावही संभाजीच होते. तरीही अकाली गेलेल्या काकाचे किंवा मामाचे नाव ठेवायचे असेल, तर त्या माणसाच्या आईला एकांतात विचारावे. एखादीला ते नाव घरात पुन्हा ऐकू यावे असे मनापासून वाटते. दुसऱ्या एखादीला प्रत्येक हाकेबरोबर तो घाव नव्याने सोसावा लागतो. तिचा नकार आला तर कारण विचारू नये.

चुलत भावंडांत एकाच आजोबांच्या नावावरून रुसवेफुगवे होतात, ते एका फोनने टळतात. दोन्ही घरांत तेच नाव ठेवले तरी बिघडत नाही. 'परळचा विठ्ठल' आणि 'बोरिवलीचा विठ्ठल' असे म्हणून नातलग वाट काढतात. आजोळचे नाव ठेवण्यालाही तितकाच मान द्यावा.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण येथील घाई पुढे फार त्रास देते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी मांडणी चालत आली आहे. समजा आजोबा सदाशिव विष्णू, मुलगा विष्णू सदाशिव आणि नातू पुन्हा सदाशिव विष्णू. म्हणजे आजोबा आणि नातू यांचे पूर्ण नाव अक्षरशः एकच झाले. गावाकडच्या सातबाऱ्यावर, बँकेच्या खात्यांत आणि वारसाच्या अर्जात कोणता सदाशिव विष्णू, हा प्रश्न मग उभा राहतो. सुदैवाने राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शाळेच्या नोंदी, परीक्षांची प्रमाणपत्रे, महसुली कागद अशा दस्तऐवजांत बालकाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. आईच्या नावामुळे आजोबा आणि नातू कागदावर वेगळे ओळखू येतात, म्हणून हा क्रम प्रत्येक अर्जात कटाक्षाने पाळावा.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते आणि रुग्णालयात जन्म झाला असेल तर रुग्णालयच ती माहिती कळवते. बाळ जेथे जन्मले तेथील महापालिकेकडे ही नोंद असते, हे मुंबईकरांनी ध्यानात ठेवावे. घर डोंबिवलीला असले आणि बाळंतपण परळला झाले, तर दाखला मुंबई महापालिकेकडूनच घ्यावा लागेल. नाव ठरलेले नसेल तर घाईने काहीतरी लिहून देऊ नये. नावाशिवाय नोंद होऊ शकते, नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. आमच्या एका नातलगांनी घरातले लाडाचे नाव दाखल्यावर लिहून दिले आणि पुढे आजोबांचे नाव लावताना त्यांना राजपत्रात नाव प्रसिद्ध करण्यापासून शाळेच्या नोंदी बदलण्यापर्यंत सारे करावे लागले. नोंदीतली लेखनाची चूक दुरुस्त होते. मन बदलले हे दुरुस्तीचे कारण होत नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे त्यावरचे अक्षर न् अक्षर महत्त्वाचे आहे.

इंग्रजी स्पेलिंग आधीच ठरवावे. आजीचे 'लक्ष्मी' तिच्या पासबुकावर एक्सने लिहिलेले असेल आणि आपल्याला केएसएच आवडत असेल, तर दोघांनी बसून एकच पर्याय निवडावा, तो देवनागरीसह कागदावर लिहावा आणि तोच कागद पाहून अर्ज भरावा. कानाला 'यमुना' ऐकून समोरचा कर्मचारी 'जमुना' लिहू शकतो, म्हणून छापील दाखला खिडकीवरून हलण्यापूर्वी वाचावा.

तसाच एक कागद बारशाच्या दिवशी आत्याच्या हातात द्यावा, कारण गोंगाटात आणि पाळण्याच्या गाण्यांत ऐनवेळी चुकीचे नाव कानात जायला नको. आमच्याकडे माझ्या बहिणीने तो कागद वाचून नाव बाळाच्या कानात सांगितले, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि मग आईने पाळण्याची दोरी हातात घेतली, "यमुना" असे दोनदा म्हटले आणि ती घुगऱ्या वाटायला उठली.