ऑपरेशननंतर घरी: पहिले सहा आठवडे

डिस्चार्ज मिळाला की घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि पहिली गफलत तिथेच होते. टाके सुकले, खपली पडली, की आतलंही भरून आलं असं वाटतं. पण तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या साधारण एक पंचमांशच ताकद आलेली असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि पुढे फारशी वाढत नाही. पोटाचं मोठं ऑपरेशन झाल्यावर सहा-सहा आठवडे वजन उचलू देत नाहीत ते यासाठी.

उलट्या टोकाची चूकही तेवढीच सर्रास होते: पडून राहणं. धडधाकट वयस्कर माणसांना नुसतं १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं, तर त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू गेले. आजाराने खंगलेल्या शरीरात हे आणखी झपाट्याने होतं. तेव्हा जखमेवर ताण येऊ न देता पाय, फुप्फुसं आणि पोट चालू ठेवायचं, हे घरी आल्यावरचं मुख्य काम. खालची मापं प्रौढांसाठीची सर्वसाधारण आहेत. सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

निघण्याआधी

डिस्चार्ज कार्ड घेऊन नर्सजवळ दहा मिनिटं बसा. सगळ्यांत जास्त गोंधळ जुन्या औषधांचा होतो. रक्त पातळ करणारी गोळी ऑपरेशनसाठी थांबवलेली असते आणि ती परत कधी सुरू करायची हे विचारायचं राहून जातं. किंवा घरातली बीपीची गोळी आणि कार्डावरची नवी गोळी एकच निघते, नाव फक्त वेगळं, आणि डोस दुप्पट जातो. घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या आणि एकेक दाखवून ‘ही चालू, ही बंद, ही अमुक तारखेपासून’ असं लिहून घ्या. टाके काढायचे आहेत की विरघळणारे आहेत, ड्रेसिंग कधी बदलायचं, तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट कोण देणार, तेही विचारा. आणि रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करायचा, तो नंबर घेतल्याशिवाय निघू नका.

घरी पलंग एवढ्या उंचीचा हवा, की काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. खुर्ची हातांची. वाटेतले पायपुसणे आणि वायरी उचला, पलंगापासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा ठेवा. एक वही सुरू करा: ताप, गोळ्यांच्या वेळा, किती चाललात, पोट साफ झालं का. आठवड्याभराने तपासणीला जाल तेव्हा आठवणीवर काही सांगता येत नाही, वहीवर येतं.

अंथरुणातून उठताना

सरळ पाठीवरून उठून बसलात तर सगळा भार पोटाच्या स्नायूंवर, म्हणजे थेट टाक्यांवर येतो. त्याऐवजी आधी दोन्ही गुडघे एकेक करून वाकवा. मग खांदे, कंबर आणि गुडघे एकदमच, ओंडका लोटावा तसे कुशीवर न्या. पाय पलंगाच्या काठाबाहेर सोडा आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा गादीत रोवून अंग वर ढकला. हे करताना श्वास सोडत राहा. श्वास कोंडून धरला की पोटातला दाब वाढतो. काठावर एक-दोन मिनिटं बसा, पावलं वर-खाली हलवा, मग उभे राहा. दिवसेंदिवस पडून राहिलेल्या माणसाचा बीपी उभं राहताच खाली येतो. चक्कर येऊन पडणारे बहुतेक याच वेळी पडतात, आणि तेही रात्री लघवीला उठताना. (पाठीचं, खुब्याचं किंवा छातीच्या हाडाचं ऑपरेशन असेल तर उठण्याची पद्धत वेगळी असते, ती फिजिओथेरपिस्टकडून करून दाखवून घ्या.)

खोकला दाबू नका. घट्ट उशी किंवा घडी केलेला टॉवेल जखमेवर दोन्ही हातांनी धरा आणि मग खोका. दुखतं म्हणून खोकला टाळला की कफ आत साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. जागे असाल तोवर तासाला दहा खोल श्वास घ्या, प्रत्येक श्वास तीन ते पाच सेकंद रोखून मग सोडा. त्याच वेळी पावलं घोट्यातून वर-खाली वीस वेळा हलवा. पोटऱ्यांतलं रक्त साकळू नये म्हणून हे करायचं, आणि साकळण्याचा धोका घरी आल्यावरही कित्येक आठवडे राहतो.

चालण्याचं माप

एका दमात अर्धा तास चालण्यापेक्षा पाच-पाच मिनिटं दिवसातून पाच वेळा चालणं बरं. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. साधारण दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा उगवतो की अंगात एकदम हुशारी येते. त्या दिवशी माणूस कपाट आवरतो, दोनदा जिना चढतो, आल्यागेल्याशी तासभर बोलतो आणि पुढचे दोन दिवस उठू शकत नाही. आज किती केलं ते बरोबर होतं का, हे आज कळत नाही, उद्या सकाळी कळतं. सकाळी कालच्याइतकंच दुखत असेल तर दोन-तीन मिनिटं वाढवा. जास्त दुखत असेल, सूज वाढली असेल तर कालच्या निम्म्यावर या, पण शून्यावर येऊ नका.

दुखणं आणि पोट

पहिले काही दिवस वेदनेची गोळी ठरलेल्या वेळी घ्या. दुखणं पराकोटीला गेल्यावर घेतलेली गोळी उशिरा आणि अपुरी लागू पडते. चालायच्या किंवा अंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळीची वेळ जुळवली तर हालचाल सोपी जाते. पॅरासिटामॉलची मर्यादा प्रौढांना २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा याहून कमी, ती डॉक्टरांना विचारा. सर्दी-तापाच्या कितीतरी तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते याच हिशोबात धरा. आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नका. मूत्रपिंडावर आणि रक्तस्रावावर तिचा परिणाम होतो.

ट्रामाडॉल किंवा त्याहून जोरदार वेदनाशामक चालू असेल तर बद्धकोष्ठ जवळजवळ ठरलेलाच. ते औषध आतड्यांची हालचाल मंदावतं, त्यात पाणी कमी आणि चालणं कमी. पोट साफ होण्याचं औषध चौथ्या दिवशी त्रास झाल्यावर मागण्यापेक्षा पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून सुरू करा. कमोडवर बसताना पायाखाली ठेंगणं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. कुंथू नका. तीन दिवस काहीच झालं नाही तर फोन करा. पोट फुगलंय, वाराही सरत नाही आणि उलट्या होताहेत, असं असेल तर तीन दिवसांची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

जखम

रोज एकाच वेळी, एकाच जागी, चांगल्या उजेडात जखम पाहा. शक्य असेल तर फोटो काढा. कडेने हलकी गुलाबी छटा, खाज, हाताला लागणारा कडक उंचवटा, आजूबाजूला बधिरपणा, पिवळा-हिरवा पडत जाणारा काळानिळा डाग हे सगळं सहसा नेहमीचं. लाली दिसली तर तिच्या कडेने पेनने रेघ मारा आणि वेळ लिहा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर ती पसरते आहे, वाट पाहू नका. पू, दुर्गंधी, वाढती ऊब, टाके उसवून फट पडणं किंवा ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप असेल तरीही त्याच दिवशी दाखवा.

मनाई केली नसेल तर ४८ तासांनंतर अंगावरून पाणी घेऊन अंघोळ चालते. टबात बसणं, पोहणं नको. टॉवेलने टिपा, घासू नका. पावडर, मलम, घरगुती लेप काहीही लावू नका. त्याने जखम ओली राहते आणि डॉक्टरांना नीट दिसतही नाही.

पोटाच्या जखमेची एक खूण घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास कोरड्या दिसणाऱ्या जखमेतून एकाएकी गुलाबीसर पातळ पाणी भसकन आलं, तर आतला थर सुटत असू शकतो. माणसाला गुडघे वाकवून झोपवा, जखमेवर स्वच्छ ओलं फडकं ठेवा, काही आत ढकलू नका, खायला-प्यायला देऊ नका आणि अँब्युलन्स बोलवा.

ड्रेनची नळी (जखमेत साठणारं पाणी बाहेर ओढणारी, टोकाला फुगा असलेली) सोबत असेल तर फुगा रिकामा करताना किती मिलिलिटर आलं आणि रंग कोणता ते वहीत लिहा. मग फुगा पूर्ण दाबून, दाबलेला असतानाच झाकण लावा, नाहीतर तो ओढतच नाही. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली.

खाण्याबद्दल थोडक्यात: भूक मेलेली असते, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खा आणि प्रत्येक वेळी त्यात प्रथिनं ठेवा. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा.

आयसीयू घरी सोबत येतं

व्हेंटिलेटरवर किंवा आयसीयूत दिवस काढलेल्या बऱ्याच जणांना तिथे भास झालेले असतात. नर्स आपल्याला मारायला टपल्या होत्या, भिंतीवर किडे फिरत होते, आपल्याला कुठेतरी कोंडलं होतं. संसर्ग, औषधं आणि मोडलेली झोप यांनी मेंदू गोंधळतो, म्हणून असं होतं. हे वेड नव्हे. घरी आल्यावर ती दृश्यं खऱ्या आठवणींपेक्षाही ठळक असतात, आणि लाजेपोटी माणूस बोलत नाही. घरच्यांनी ‘असं काही नव्हतंच’ म्हणून वाद घालू नये. त्यापेक्षा तारखेवार कागद करा: कोणत्या दिवशी काय झालं, नळी कधी काढली, कोण भेटायला आलं होतं. मधले हरवलेले दिवस जागेवर बसले की भीती हळूहळू उतरते.

दिवस-रात्र उलटी झाली असेल तर सकाळी खिडकीशी बसा आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. आवाज बसणं श्वासनळीतल्या नळीमुळे होतं. पण पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस गळू लागले तर घाबरू नका, मोठ्या आजारानंतर ते होतं आणि केस परत येतात. भयस्वप्नं, दचकणं, दवाखान्याच्या नुसत्या नावाने घाम फुटणं महिन्यानंतरही टिकलं, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी.

एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, शुद्ध हरपणं, न थांबणारा रक्तस्राव यांत थेट अँब्युलन्स.

वजन, गाडी, काम

चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही, असं सांगितलेलं असतं. भरलेली दहा लिटरची बादली दहा किलोची होते, आणि कडेवर येऊ पाहणारं दोन वर्षांचं मूलही तेवढंच. मुलाला उचलू नका, तुम्ही बसा आणि त्याला शेजारी चढू द्या. जोरदार वेदनाशामक चालू असेपर्यंत गाडी चालवू नका. त्यानंतरही उभ्या गाडीत बसून ब्रेक सर्व शक्तीने दाबून पाहा. दुखेल या भीतीने पाय अडखळला तर अजून थांबा. कामावर परतताना पहिला आठवडा अर्ध्या दिवसाचा मागून घ्या, आणि पुढचे तास दुसऱ्या दिवशीची सकाळ कशी उजाडते ते पाहून वाढवा.