खेड्यातल्या न्यूरोडायव्हर्जंट माणसांसाठी मानसशास्त्रज्ञ व्हायचंय? या चुका टाळा

मी मानसशास्त्राकडे उशिरा वळले. आता खेड्यातल्या न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडण बहुतेकांपेक्षा वेगळी असलेल्या माणसांसोबत काम करते. त्याआधी अकरा वर्षं हिशेब लिहिले. ताळा जुळला की वही मिटायची, ही सवय अंगात मुरलेली. नव्या कामातली माझी सगळ्यात मोठी चूक तिथूनच आली. एका मुलाचं मूल्यमापन झालं, अहवाल लिहिला, 'ऑटिझम' (स्वमग्नता) हा शब्द आईवडिलांना नीट समजावून सांगितला आणि मनातल्या मनात वही मिटली. पाच महिन्यांनी त्याची आई पुन्हा आली. अहवाल तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, घड्यांवर कागद विरायला आला होता. म्हणाली, "ताई, नाव कळलं. पण उद्या सकाळी हा उठला की मी काय करू?"

मोठ्या शहरात अहवालाच्या पुढे काहीतरी असतं. वाचा-उपचार करणारे असतात, रोजची कामं जमायला मदत करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात, शाळेत विशेष शिक्षक असतात, पालकांचे गट असतात. खेड्यात बहुतेक वेळा यातलं काहीच जवळ नसतं. निदान करून थांबलात तर त्या कुटुंबाच्या पदरी फक्त एक शब्द पडतो. करिअर बदलून या कामात येणाऱ्यांच्या ज्या चुका मी पाहिल्या आणि केल्या, त्यातल्या बऱ्याचशा 'अहवालानंतर काय?' हा प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे झालेल्या आहेत.

आधी राजीनामा, मग चौकशी

उमेद मोठी असते म्हणून ही चूक होते. समुपदेशनाचा सहा महिन्यांचा कोर्स दिसतो, मन भरून येतं, राजीनामा दिला जातो. मग कळतं की या प्रमाणपत्रावर निदान करता येत नाही, प्रमाणित चाचण्या घेता येत नाहीत आणि स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेणंही अनेक ठिकाणी कायद्यात बसत नाही. अनेक देशांत हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे, ते लावायचं तर अधिकृत नोंदणी लागते.

म्हणून शेवटाकडून मागे या. तुम्हाला नेमकं काय करायचं आहे ते एका कागदावर लिहा: निदान, पालकांचं प्रशिक्षण, शाळांसोबत काम, की प्रौढांना आधार? त्या कामाला कुठली नोंदणी लागते, तिला किती तासांचा देखरेखीखालचा सराव लागतो आणि कुठली पदवी चालते, हे नोंदणी करणाऱ्या संस्थेकडून लेखी विचारा. प्रवेश देणाऱ्या संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. ऑनलाइन पदवी असेल तर प्रत्यक्ष सरावाची सोय आहे का, हे पैसे भरायच्या आधी पाहा. वेळेचा अंदाज म्हणून मानसशास्त्रज्ञांसाठीचं युरोपातलं 'युरोसाय' हे मानक डोळ्यांसमोर ठेवा: ५ वर्षांचं विद्यापीठीय शिक्षण आणि त्यावर १ वर्षाचा देखरेखीखालचा सराव. चाळिशीत सुरुवात करणाऱ्याने हा आकडा घरच्यांसोबत बसून पाहायला हवा.

आणि हो, एवढा लांबचा रस्ता परवडणार नसेल तर या क्षेत्रात दुसरी कामं आहेत. विशेष शिक्षण, वाचा-उपचार, पालक-प्रशिक्षक. मुलाच्या घरी दर आठवड्याला जाणारा प्रशिक्षित कार्यकर्ता वर्षातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञापेक्षा जास्त बदल घडवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या पेशाच्या सवयी न तपासणं

जुना अनुभव वाया जात नाही. परिचारिकेला घाबरलेल्या घराशी बोलता येतं, शिक्षकाला वर्ग कसा चालतो ते ठाऊक असतं, माझ्या कामाला नोंदी ठेवण्याची शिस्त आली. पण प्रत्येक पेशा एक खोडही देतो. शिक्षकाला अस्वस्थ मूल बेशिस्त वाटू शकतं. अभियंत्याला सगळं दुरुस्त करायचं असतं. माझी खोड वर सांगितलीच. स्वतःची कुठली ते सुपरव्हायझरला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा, म्हणजे ते लक्ष ठेवतील.

शिळ्या ज्ञानावर उभं राहणं

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं वर्णन केलं ते ११ मुलांवरून, त्यात मुली फक्त ३. पुढे अनेक दशकं निदानाचं चित्र मुलग्यांवरूनच घडत गेलं. आजही वर्गात गप्प बसणारी, दुसऱ्या मुलींचं बोलणं-चालणं पाहून पाठ करणारी मुलगी 'लाजाळू' म्हणून सुटून जाते. तिच्यासारखीच पन्नाशीची बाईही सुटते, जिला आयुष्यभर 'विक्षिप्त' म्हटलं गेलं. फक्त मुलांसाठी खोली मांडून बसलात तर ही माणसं तुमच्यापर्यंत येणारच नाहीत.

आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो, हा समज अमेरिकेतल्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६० च्या दशकात पसरवला. शास्त्राने तो केव्हाच टाकून दिला, पण घरोघरी तो वेगळ्या शब्दांत जिवंत आहे: "लाडाने बिघडवलं", "आईने लक्ष दिलं नाही". लसीमुळे ऑटिझम होतो, ही भीतीही तशीच. तिचं मूळ असलेला १९९८ चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध १२ मुलांवर बेतलेला होता आणि नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. हे तपशील पाठ असू द्या. आईसमोर बसून "यात तुमचा दोष नाही" हे वाक्य ठामपणे म्हणायला ते लागतात.

वर्गीकरणही बदललंय. २०१३ च्या डीएसएम-५ ने (अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकाची पाचवी आवृत्ती) ॲस्पर्जर हे वेगळं निदान ठेवलं नाही, ते ऑटिझमच्या वर्णपटात सामावलं. ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं, अतिचंचलता) ही दोन्ही निदानं एकाच व्यक्तीला देण्याची मुभाही तेव्हाच मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू आहे. जुन्या आवृत्तीवर शिकलेला अनुभवी डॉक्टर समोर वेगळं सांगत असेल तर वाद घालू नका, पण अहवालात आजचंच लिहा. आणि न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे फक्त ऑटिझम हा समज आधी स्वतःच्या डोक्यातून काढा. एडीएचडी, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), डिस्प्रॅक्सिया (हालचालींच्या समन्वयातली अडचण), टुरेट (आपोआप होणाऱ्या हालचाली आणि आवाज) हे सगळं त्यात येतं, आणि बऱ्याचदा एकाच माणसात दोन-तीन गोष्टी एकत्र असतात.

चाचणीला अंतिम शब्द मानणं

यावर जरा थांबते, कारण नवख्यांच्या हातून जास्त नुकसान इथेच होतं.

पहिली गोष्ट म्हणजे चाळणी (कुणाला पुढे तपासायचं हे ठरवणारी प्राथमिक तपासणी) आणि निदान यांतला फरक. एम-चॅट-आर ही ऑटिझमच्या चाळणीची प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी आहे, तिच्यात २० प्रश्न असतात. ३ ते ७ गुण आले तर पुढची मुलाखत घ्यायची असते, ८ किंवा जास्त आले तर थेट सखोल मूल्यमापनाला पाठवायचं असतं. यातल्या कुठल्याच आकड्यावरून "तुमच्या बाळाला ऑटिझम आहे" असं सांगता येत नाही. चार वर्षांच्या मुलाला ही प्रश्नावली लावलेली मी पाहिली आहे. आणि बोलत नाही, हाकेला ओ देत नाही अशा प्रत्येक मुलाची श्रवण चाचणी आधी झालीच पाहिजे. तासभर लांब जावं लागलं तरीही.

दुसरी गोष्ट, चाचणी कुणासाठी बनली. शहरी मुलांवर प्रमाणित केलेल्या चाचणीत सरकता जिना, लिफ्ट, झेब्रा क्रॉसिंग अशी चित्रं असतात. न पाहिलेली वस्तू न ओळखणं म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे. ज्या लोकसंख्येवर चाचणीचे निकष ठरले तिच्यात हे मूल बसत नसेल, तर गुण जपून वापरा आणि तसं अहवालात स्पष्ट लिहा. घरच्या बोलीत कोण बोलतं, शाळेच्या भाषेत किती कळतं, हेही नोंदवा.

तिसरी गोष्ट मला एका खोलीने शिकवली. आठ वर्षांचा मुलगा. खिडकीबाहेर जनरेटर चालू होता, डोक्यावर ट्यूबलाइट फडफडत होती. मी ठोकळे मांडले, तो टेबलाखाली गेला. मी वहीत लिहिलं, 'सहकार्य केलं नाही.' संध्याकाळी सुपरव्हायझरने फोनवर एकच प्रश्न विचारला: "खोलीत आवाज कसला होता?" दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घराच्या ओट्यावर बसलो, वीज गेलेली होती. त्याने ते ठोकळे स्वतःच्या क्रमाने लावले, मग माझ्या क्रमाने, आणि दोन्ही कसे वेगळे ते बोटाने दाखवलं. आदल्या दिवशीचं वाक्य मी खोडलं नाही. त्याखाली लिहिलं, 'आवाज व उजेडामुळे चाचणी ग्राह्य नाही.' तेव्हापासून मूल्यमापनाआधी मी त्या खोलीत पाच मिनिटं डोळे मिटून बसते.

मुलाला 'सरळ' करायला निघणं

'डोळ्यांत डोळे घालून बघ', 'हात हलवू नकोस', 'नीट बस' अशी उद्दिष्टं अजूनही योजनांत दिसतात. त्यातून मुलाला काय मिळतं? हात हलवून तो स्वतःला शांत करत असतो. ते बंद केलं की त्रास आतच राहतो आणि वर मुखवटा चढतो. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधकाने २०१२ मध्ये एक महत्त्वाची मांडणी केली: संवाद तुटतो तो दोन्ही बाजूंनी, न समजणं दोघांचंही असतं. त्यामुळे उद्दिष्ट लिहिताना विचारा, हे कुणाच्या सोयीसाठी आहे?

चित्रांचे तक्ते किंवा टॅब्लेट वापरल्याने मूल बोलायचं थांबेल, अशी भीती पालकांना वाटते. संशोधन तसं सांगत नाही, उलट बऱ्याच मुलांच्या बोलण्याला त्याची मदत होते. मात्र मुलाचा हात धरून त्याच्याकडून टाइप करून घेण्याची 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' ही पद्धत चाचण्यांत टिकली नाही. तिथे शब्द हात धरणाऱ्याचे निघाले. खात्रीशीर बरं करण्याचं आश्वासन देणारी औषधं आणि यंत्रं गावापर्यंत पोचलेली असतात. अशा वेळी पालकांना रागावू नका. ते काय करून पाहताहेत हे तुम्हाला सांगायची त्यांना भीती वाटता कामा नये. त्यातलं काही जिवाला घातक असू शकतं, आणि ते कळणारं माणूस तिथे कदाचित तुम्हीच एकटे असाल.

लहान गाव विसरणं

तुमच्या दारासमोर कोण थांबलं, हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. पुस्तकातली गोपनीयता इथे अपुरी पडते. पहिल्याच भेटीत विचारून घ्या: "रस्त्यात भेटलो तर मी ओळख दाखवू की नको?" निरोप कुणाकडे द्यायचा, फोन घरात कोण उचलतं, हेही विचारा. भाषांतरासाठी शेजारी किंवा नातेवाईक वापरू नका, मोठ्या भावंडाला तर कधीच नाही. ओळखीपाळखी टाळणं अशक्य आहे, तेव्हा कुठल्या नात्यामुळे तुमचा निर्णय वाकेल ते लिहून ठेवा आणि सुपरव्हायझरशी बोला.

अडलंय कुठे, ते कसं ओळखाल

कुटुंब दुसऱ्या भेटीनंतर आलंच नाही. 'पालक उदासीन' असं लिहिण्याआधी प्रवासाचा वेळ, बुडणारी रोजी आणि दुसऱ्या मुलाला कुठे ठेवायचं हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा घरी जा, मध्ये दोनदा फोन करा. व्हिडिओचं नेटवर्क टिकत नसेल तर साध्या फोनवर काय बोलायचं हे आधी ठरवून ठेवा.

घरच्यांना निदानाचा शब्दच नको आहे. मग रेटू नका. झोप, आंघोळ, आवाजाची भीती यांपैकी ज्याचा आज त्रास होतोय तिथून सुरू करा.

शाळा ऐकत नाही. दहा सूचनांची यादी मुख्याध्यापक बाजूला ठेवतात. एकच मागा: खिडकीपासून दूरची जागा, किंवा तोंडी परीक्षा. ती दोन आठवड्यांत उपयोगी पडली की दुसरी मागता येते.

तुम्हीच थकलात. एकट्याने काम करणाऱ्याचं हे होतंच, आणि कळतं उशिरा. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सुरू केलेल्या प्रोजेक्ट इकोची पद्धत इथे लागू पडते. केंद्रातले तज्ज्ञ आणि दूरचे कार्यकर्ते ठरलेल्या वेळी व्हिडिओवर भेटतात, खऱ्या केसेस मांडतात. ती हेपटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी सुरू झाली आणि नंतर ऑटिझमसाठीही वापरली गेली. असा गट जवळ नसेल तर चार जणांचा बनवा. पंधरवड्याचा वार ठरवा आणि तो मोडू नका.

आणि अहवालानंतर

जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा कौशल्य-प्रशिक्षण कार्यक्रम २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे: ९ गटसत्रं आणि ३ गृहभेटी. तो चालवायला तज्ज्ञच लागतो असं नाही, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोकही चालवू शकतात. आमच्या भागातल्या पहिल्या गटाला त्या पिशवीवाल्या ताई आल्या होत्या. तिसऱ्या गटापासून सत्राची सुरुवात त्याच करतात.

आता अहवालाच्या पहिल्या पानावर, निदानाच्याही वर, मी दोन ओळी लिहिते. एक, उद्या सकाळी घरी करायची एक गोष्ट. दोन, पुढच्या भेटीची तारीख. ती तीन आठवड्यांच्या आतली असते, आणि त्या दिवशी कोण कुणाच्या घरी जाणार तेही तिथेच लिहिलेलं असतं.