अंगण खचलं की मुरूम टाकू नका: खाडीकाठच्या सोसायट्यांनी या चुका टाळा

वाशी, सानपाडा, नेरुळच्या जुन्या सोसायट्यांमध्ये हे हमखास बघायला मिळतं. जोत्याच्या कडेला दोन बोटं मावतील एवढी फट, पेव्हर ब्लॉक एका बाजूला कललेले, आणि जिन्याच्या तळाशी मूळ नकाशात नसलेली एक जादा पायरी. मग सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठून म्हणतं, ‘बिल्डिंग खचतेय.’ कमिटी ठराव करते: मुरूम मागवा, लेव्हल करून घ्या, वरून पेव्हर पुन्हा बसवा.

यातलं निदान बहुतेक वेळा चुकलेलं असतं, आणि उपाय तर त्याहून.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्यानंतर उभ्या राहिलेल्या शहराचा खाडीकडचा बराच भाग खाजणावर, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीवर, भराव टाकून मिळवलेला आहे. त्या भरावाखाली खाडीची मऊ, काळपट चिकणमाती आहे, कुठे तीन-चार मीटर, कुठे दहा मीटरहूनही जाड. वर वजन आलं की या मातीतलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि थर दबत जातो. हे काम महिन्यांत उरकत नाही, वर्षानुवर्षं चालतं. इमारत पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर असेल तर तिचं वजन खालच्या कातळापर्यंत पोहोचतं, म्हणून ती जागेवर राहते. भोवतालचं अंगण मात्र उतरत जातं. तुम्हाला दिसते ती फट या दोघांमधल्या फरकाची.

आता मुरमाचा हिशेब. अर्धा मीटर जाडीचा मुरूम म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ९०० किलो. सहा मीटर रुंद, पन्नास मीटर लांब अंगणावर हा भार २७० टन होतो. ज्या वजनामुळे माती दबत होती, त्यातच आपण भर घातली. चार-पाच वर्षांत अंगण पुन्हा खाली जातं आणि पुन्हा ठराव होतो. त्याहून वाईट म्हणजे खचणारी माती पाइलच्या अंगाला घासत खाली उतरते आणि पाइललाही खाली ओढते. एरवी जी माती पाइलला आधार देते, तीच त्याच्यावर ओझं होऊन बसते. डिझाइनमध्ये हे ओझं धरलेलं असेल तर ठीक, पण जुन्या इमारतींची डिझाइनची कागदं तरी किती सोसायट्यांकडे असतात?

करायचं ते असं. आधी खरोखर काय हलतंय ते मोजा. सगळ्या कॉलमवर एका पातळीच्या खुणा करून घ्या आणि दर सहा महिन्यांनी सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) तपासा. खुणा एका रेषेत राहिल्या तर इमारत बहुधा शाबूत आहे, प्रश्न अंगणाचा आहे. एक कोपरा खाली गेलेला दिसला तर मात्र विषय गंभीर, तिथे जिओटेक्निकल, म्हणजे माती आणि पायाचा, सल्लागारच हवा. आणि अंगण उतरताना ड्रेनेजचे पाइप जोत्यापाशी तुटतात, चेंबर गळू लागतात, त्या पाण्याबरोबर माती वाहून जाते, हे विसरू नका. मी तर म्हणेन, पेव्हरला हात लावण्याआधी प्लंबरला बोलवा. पाइप जोत्यातून बाहेर येतो तिथे थोडी हालचाल सोसणारे जोड बसवा आणि भराव करावाच लागला तर हलक्या सामानाचा करा.

एक अपवाद सांगायला हवा. रो-हाउस किंवा एक-दोन मजली जुनी घरं बऱ्याचदा उथळ पायावर असतात. ती स्वतःच मातीबरोबर हलतात. अशा घराला वर मजला चढवणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

भेगांची सरसकट मलमपट्टी

रंगकामाच्या कॉन्ट्रॅक्टरला सगळ्या भेगा सारख्याच दिसतात: पुट्टी भरा, रंग मारा. पण भेग कुठल्या दिशेने जाते यावरून कारण कळतं. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यातली आडवी भेग सहसा निरुपद्रवी असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढणारी भेग वाढत असेल तर पायाच्या हालचालीची शंका घ्यावी. तिच्यावर काचेची पट्टी प्लास्टरमध्ये बसवून तारीख लिहा. काच तडकली तर भेग जिवंत आहे, म्हणजे अजून वाढतेय. बीमच्या टोकाला, कॉलमजवळ, काँक्रीटमध्येच तिरकी भेग दिसली तर काचपट्टीची वाट बघू नका. टेकू लावा आणि त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आणि कॉलमच्या कोपऱ्यातून उभी जाणारी, तपकिरी डाग असलेली भेग? ती आतल्या गंजाची. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. ठाणे आणि नवी मुंबईत दुरुस्तीचा बराच पैसा इथेच जातो, आणि वायाही इथेच.

नेहमीची पद्धत अशी: सुटलेला पोपडा काढायचा, सळईवर वायरब्रश फिरवून गंजरोधक रंग लावायचा, पॉलिमर मॉर्टर थापायचं. दोन-तीन पावसाळ्यांनंतर पॅच जसाच्या तसा असतो आणि त्याच्या कडेलाच नवी भेग येते. सभासद कॉन्ट्रॅक्टरला दोष देतात. पण काँक्रीटमध्ये खाऱ्या हवेतले क्लोराइड क्षार शिरले असतील तर काम कितीही सफाईदार केलं तरी असं होऊ शकतं. गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. दुरुस्तीआधी गंजणारा भाग आजूबाजूच्या सळईला एक प्रकारे वाचवत होता. तो भाग नव्या मॉर्टरने सुरक्षित झाला की गंजण्याची पाळी शेजारच्या सळईवर येते.

म्हणून तपासणी आधी, कोटेशन नंतर. फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन शिंपडून सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्म कुठवर गेला ते बघा. गुलाबी झालं तर तिथला अल्कधर्म टिकून आहे, रंगहीन राहिलं तर गेला. पण गुलाबी रंग क्लोराइडबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी काँक्रीटची पूड प्रयोगशाळेत पाठवावी लागते. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडने वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. फक्त रिबाउंड हॅमर मारून दिलेला अहवाल स्वीकारू नका. त्याला पृष्ठभागाचा कडकपणा कळतो, आतली सळई कळत नाही.

दुरुस्ती करताना सळईच्या मागेही दोन-अडीच सेंटिमीटर काँक्रीट काढायला लावा आणि गंज संपतो त्याच्या पुढेपर्यंत सळई मोकळी करा. क्लोराइड जास्त असतील तर सळईऐवजी स्वतः गंजणाऱ्या जस्ताच्या अॅनोडचा विचार करा. नवं काम करत असाल तर काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकातली कव्हरची (सळईवरच्या काँक्रीटच्या थराची) तरतूद वाचा: किनारी वातावरणासाठी किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर, थेट खाऱ्या फवाऱ्यात एम-३५ आणि ५० मिलिमीटर.

गच्चीचं ओझंही याच हिशेबात धरा. गळती थांबेना की जुन्या कोब्यावर नवा कोबा चढतो. दहा सेंटिमीटर वीटकोब्याचं वजन दर चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो, आणि वापरात असलेल्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये माणसासामानाचा धरलेला भार जेमतेम दीडशे किलोच्या आसपास. जुना थर काढल्याशिवाय नवा घालू नये.

स्टिल्टमध्ये अर्धवट भिंती

भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत ठाणे आणि नवी मुंबई भूकंपक्षेत्र तीनमध्ये आहेत. ‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो’ म्हणणाऱ्यांनी २६ जानेवारी २००१ आठवावा. भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये खाली मोकळं पार्किंग असलेल्या अनेक इमारती कोसळल्या. कोयनानगर आपल्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ ची पहाट जुन्या लोकांना अजून आठवते. शिवाय मऊ माती हादरे वाढवते. १९८५ मध्ये मेक्सिको सिटी तळ्याच्या गाळावर असल्यामुळेच एवढी उद्ध्वस्त झाली.

स्टिल्ट, म्हणजे पार्किंगसाठी मोकळा ठेवलेला तळमजला, वरच्या मजल्यांपेक्षा लवचीक असतो, म्हणून सगळी हालचाल त्याच्यावर येते. त्यावर आपल्याकडे दोन उलटे उपाय होतात. एक, वॉचमनची केबिन किंवा मीटर रूमसाठी कॉलमना चिकटून अर्ध्या उंचीच्या भिंती. त्यामुळे कॉलमचा फक्त वरचा तुकडा हलायला मोकळा राहतो आणि तो आखूड तुकडा कातरला जातो. दोन, फक्त दिसणाऱ्या उंचीचं जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण. जॅकेटच्या सळया खाली पायात आणि वर स्लॅबमधून आरपार गेल्या नाहीत तर कॉलम जाड दिसतो, भूकंपाच्या वेळी मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. असं काम जुन्या इमारतींच्या भूकंप-मजबुतीकरणाच्या आयएस १५९८८ या मानकानुसार मूल्यांकन करून आणि इमारतीचं मॉडेल तयार करूनच व्हावं. गंजलेल्या सळईवरून फायबर रॅप गुंडाळणं तर साफ चूक, आत गंज चालूच राहतो.

खाडीच्या भिंती ओहोटीला पडतात

खाडीलगतची संरक्षक भिंत उधाणाच्या लाटांनी पडते असा समज आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती पाणी उतरताना ढासळते. भरतीच्या वेळी दोन्ही बाजूंना पाणी असतं. ओहोटीला समोरचं पाणी झपाट्याने जातं आणि मागच्या भरावातलं अडकून राहतं. तीन मीटर उंचीचं अडकलेलं पाणी भिंतीच्या दर धावत्या मीटरला साधारण साडेचार टनांनी ढकलतं, मातीचा दाब वेगळा. म्हणून भिंतीची पाणी जाणारी भोकं आणि त्यांच्यामागचा खडी आणि जिओटेक्स्टाइलचा (पाणी झिरपू देणाऱ्या कापडाचा) गाळणीथर हेच तिचं खरं संरक्षण. आपण मात्र ‘उंदीर येतात’ म्हणून भोकं सिमेंटने बुजवतो.

दुसरी चूक उंचीची. दोन मीटरच्या भिंतीवर अजून एक मीटर चढवली की दाब सव्वादोन पट आणि पायाशी उलथवणारा जोर जवळजवळ साडेतीन पट होतो. खालची भिंत तीच राहते. तिसरं, पायथ्याची माती लाटांनी खरवडली जाते का ते दर पावसाळ्यानंतर ओहोटीला बघा. आणि हे सगळं सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आणि कांदळवनांच्या नियमांत येतं. परवानगीविना एक दगडही टाकू नका.

पुनर्विकास करणाऱ्यांसाठी

शेजारच्या प्लॉटचा माती अहवाल वापरणं हा सर्वांत महागात पडणारा काटकसरीचा प्रकार. घोडबंदर पट्ट्यात कातळ उतरता असतो, एकाच प्लॉटचा एक कोपरा कातळावर आणि दुसरा भरावावर निघतो. बसाल्टच्या दोन थरांमध्ये तांबडा मऊ थरही सापडतो. पहिला कठीण दगड लागताच बोअर थांबवला तर त्याखालचं कधीच कळत नाही. खाडीच्या चिखलात तर एसपीटीचा, म्हणजे नळी ठोकून मातीचा कडकपणा मोजायच्या चाचणीचा, ६३.५ किलोचा हातोडा मारण्याआधीच नळी स्वतःच्या वजनाने खाली जाते. तरीही अहवालात तिथे ऐटदार आकडा दिसला तर विचारा, की हा आला कुठून. बोअर चालू असताना कमिटीचा एक माणूस तिथे उभा राहू द्या आणि खडकाचे नमुने ठेवलेल्या कोअर बॉक्सचे खोली लिहिलेले फोटो मागून घ्या. पाइलचं काम संपून जोतं तयार होईपर्यंत ते बॉक्स टाकून देऊ नका.